एका थेंबातले मोर

अलका नर्स डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन दारात उभी होती, पण सुमती पैठणीच्या मागावरून उठायला तयार नव्हती.

“एवढा मोर पुरा होऊ द्या हो, ताई.”

भिंतीला टेकून बसलेले तिचे वडील, केशवअप्पा, कडाडले, “आधी ऊठ! असंच म्हणत मी डोळे घालवले.”

सुमती उठली. अप्पा स्वतः विणत होते तेव्हा त्यांना दिवसातून चारदा थेंब घालायचे असत. डोळे दुखत तर नव्हते, म्हणून दर वेळी मोर आधी आणि औषध मागून. काचबिंदूने कडेकडेने नजर खात आणली आणि एक दिवस हातातला धोटाही दिसेना. तोच काचबिंदू आता सुमतीला झाला होता.

अलकाने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. “झालं. डोळ्यातला दाब वाढला की हा थेंब डोळ्यातच राहून स्वतः ते ओळखतो आणि लागेल तेवढं औषध सोडतो. भेटू पुढच्या वर्षी.”

“वर्षभर काहीच घालायचं नाही?”

“काहीच नाही, अप्पा.”

अप्पांनी चाचपडत मागावरच्या अर्ध्या मोरावरून बोटं फिरवली. “सुमे, वर्षात तुझे मोर किती होतात गं?”

“दोनशे तरी.”

“एका थेंबात दोनशे मोर!” अप्पा हसले. “बस मग मागावर. आता मी उठवायचो नाही तुला.”