रुबिडियमचं घड्याळ
बायको "तीनच्या सुमारास येते" म्हणाली की तो खेकसायचा, "सुमारास म्हणजे नक्की किती?" टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने भंगारातला रुबिडियम ऑसिलेटर, म्हणजे अणूंच्या कंपनांवर अचूक ठोके देणारं यंत्र, आणून शंभर वर्षांत सेकंदानेही न चुकणारं घड्याळ घरीच बनवायला घेतलं. आज जेवणानंतर शेवटची वायर जोडून त्याने बटण दाबलं. ऑसिलेटर तापून स्थिर झाला की हिरवा दिवा लागणार होता. आतून हाक आली, "अहो, जरा येता का? छातीत कसंतरी होतंय." "आलोच, दिवा लागू दे," तो नजर न हलवता म्हणाला. दिवा लागला. वेळ सेकंदापर्यंत जुळवून तो आत गेला, तर ती ओ देईना. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, मान हलवली, कागद काढला. "नक्की किती वाजता गेल्या?" बाहेरच्या खोलीत घड्याळ बिनचूक चाललं होतं. तो म्हणाला, "अडीचच्या सुमारास."