ओवाळणीचा गट

"मामा, हा तुमचा चार एकरांचा गट," उत्कर्षानं नकाशावर बोट ठेवलं. तिथं पेन्सिलीनं काळाकुट्ट रंगवलेला चौकोन होता.

"आन् ह्ये काळं काय हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

"कचरा डेपो. अख्ख्या शहराचा."

सर्जेरावांचा चहा बशीत सांडला. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा ज्या कंपनीकडं होता, तिथंच ही भाची नोकरीला होती. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान तिनं लपवलंही नाही.

"सूड उगवतीयास व्हय?"

"आराखडा अजून जाहीर व्हायचाय, मामा," एवढंच म्हणून तिनं नकाशा गुंडाळला.

सूड कशाचा, ते सर्जेरावांना पक्कं ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी, भाऊबीजेलाच, त्यांनी विधवा बहिणीला, कुशाबाईला, साडी-चोळी केली आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा गेला. वालचंदनगरच्या क्वार्टरांत लोकांच्या पोळ्या लाटून तिनं पोरीला शिकवलं.

पण सर्जेराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. आराखडा जाहीर व्हायच्या आत ती जमीन भाचीच्या आईच्याच गळ्यात घालायची, म्हणजे भाचीची चांगलीच जिरेल! त्यांनी कुठं चौकशीसुद्धा केली नाही. बोभाटा झाला असता, तर बहिणीनं जमिनीला हात लावला नसता.

भाऊबीजेला ते बहिणीच्या दारात हजर झाले.

"कुशे, लई वरसं मन खातंय. त्यो चार एकरांचा गट आजपासनं तुझा."

कुशाबाईनं निरांजन ताटात ठेवलं. "दादा, नीट इचार केलायस न्हवं?"

"केलाय."

"उद्या माघारी मागशील."

"ओवाळणी कुणी माघारी मागतं व्हय!"

पंधरवड्यात बक्षीसपत्राची नोंदणी झाली. सही करताना कुशाबाईचे डोळे भरून आले. इतकी भोळी बहीण! सर्जेरावांना क्षणभर तिची कीव आली. मग कचेरीबाहेर त्यांनी पेढे वाटले. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं चार लोक म्हणाले, तेही त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी उत्कर्षानं तोच नकाशा घरात जमिनीवर पसरला. खोडरबर घेऊन ती काळा चौकोन पुसू लागली. काळ्याखालून हळूहळू छापील अक्षरं वर आली: शंभर फुटी रस्ता. नवी बाजारपेठ.

अर्धा चौकोन अजून शिल्लक होता. कुशाबाईनं चष्मा चढवला आणि लेकीच्या हातातला खोडरबर काढून घेतला.

"आण हिकडं. रंगवला मी हुता, पुसणार बी मीच."