हळू वाजवायची जागा

मामंजी दशावतारात पायपेटी वाजवायचे. ते गेल्यापासून त्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की सावित्री हळूच पेटी उघडायची आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या पास्कू मास्तरांनी शिकवलेला जुना विलायती प्रील्यूड वाजवत बसायची.

रविवारी चर्चच्या ऑर्गनवर तिचं ऐकताना मास्तरांनी मधेच थांबवलं.

"हयसर एवढां हळू कित्याक गो? कागदार तर तसां कायच लिवलेलां नाय."

"थंय सासूबाय कूस बदलतत."

मास्तर हसले. "त्या काळात हळू, मोठ्यान असां लिवीतच नसत. आपल्या मनाक येयत तसां वाजवूचां. पण मनाक हां, भियान नाय. उद्या थंय पाय भरान मार."

दुसऱ्या दिवशी अंगणात कोकमाची सोलं वाळत होती, त्यांचा आंबूस वास घरभर पसरला होता. माडांच्या सावल्या भिंतीवर डुलत होत्या. सावित्री अर्धवट झोपेत असल्यासारखी वाजवत गेली. ती जागा आली. तिने भात्यावर पायांचा जोर वाढवला आणि सगळं माजघर सुरांनी भरून गेलं.

आज सासूबाईंनी कूस बदलली नाही.

"थंय हळूच वाजय गो, रोज वाजयतंस तसां," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "थंयच माका रडाक येता, म्हणान मी कूस बदलतंय."