बाबांचं कार्ड

नव्या खेळाच्या चाचणीत तो बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, म्हणून शर्वाणी बाजूला बसून नुसती नखं खात होती. तिच्या दोन मैत्रिणी आणि भिडू कमी पडला म्हणून बसवलेले बाबा मिळून कार्डांवरच्या प्रश्नांना उत्तरं देत एका गावाची गोष्ट रचत होते. बाबा मात्र गप्पच. खेळ फसला, तिला वाटलं.

बाबांनी कार्ड वाचलं, "गाव सोडून गेलेला माणूस आता काय करतो?"

कार्ड खाली ठेवून ते म्हणाले, "लेकीकडे राहतो, सातव्या मजल्यावर. लेक गुणाची आहे. तो रोज गावी जायला बॅग भरतो आणि तिला वाईट वाटू नये म्हणून ती ऑफिसातून यायच्या आत रिकामी करतो."

शर्वाणी ताडकन उठली. खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"पुढचं मी सांगते. रविवारी लेकीनेच ती बॅग भरली."