बर्फी कुठं गेली

“ताई, आधी पाणी तरी घ्या,” परवेज म्हणाला.

“पाणी नको मला. बर्फीला आणा.”

परवेज जागचा हलला नाही. त्याची बायको लैला तांब्या घेऊन आली होती, तीही दारातच थबकली. निमगाव केतकीच्या बाहेर, उसाला लागून, या दोघांनी कुत्र्यांचं हॉस्टेल काढलं होतं. पत्र्याची शेड, जाळीचे पिंजरे, समोर अंगण. लग्नाकार्याला जाणारी बारामतीची माणसं आपली कुत्री इथं ठेवून जायची.

“बर्फी हितं न्हाय, ताई. काल सकाळी कडी उघडी ऱ्हायली. लई शोधली. घावली न्हाय.”

अनितानं आधी परवेजकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. कोल्हापूरच्या लग्नात कुत्रं कुठं मिरवतेस, ठेव की हॉस्टेलात, असं म्हणणारा हाच तो अविराज. आता तो गाडीच्या किल्लीकडं बघत उभा होता.

“घावली नाही म्हणजे काय? ती काय शेरडू आहे का?”

बर्फी म्हणजे पांढरंशुभ्र पामेरियन. दर रविवारी शाम्पू, दुधात कुस्करलेली पोळी आणि झोपायला अनिताची उशी. उंबऱ्याबाहेर जायचं तर बाईसाहेब कडेवर बसून जायच्या. असं जनावर एकटं जाणार तरी कुठं?

अनिता शेडमध्ये घुसली. शेवटच्या पिंजऱ्याच्या जाळीला पांढरे केस अडकले होते. टेबलावर बर्फीचा लाल पट्टा पडला होता.

“हा इथं कसा?”

“अंघुळीला काढला व्हता.”

“वा! अंघोळ घातली, पट्टा काढला आणि नेमकी तेव्हाच कडी उघडी राहिली? कुणाला विकलीत, परवेजभाऊ?”

परवेजचा चेहरा खर्रकन उतरला. “लेकरांची आन घेतो, ताई. तसलं पाप न्हाय करायचो मी.”

“कालपासनं घास न्हाय उतरला ह्यांच्या घशाखाली,” लैला म्हणाली.

दोघांचेही डोळे सुजलेले दिसत होते. अनिताला त्यांचं खरं वाटलं आणि वाटलंही नाही. तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

ती बाहेर आली, तर फाटकाच्या फटीतून एक काळं कुत्रं आत शिरत होतं. केस अंगाला चिकटून पार वळ्या झालेल्या, कानांवर माश्या, एक डोळा चिकटून मिटलेला. ते सरळ तिच्या पायांकडं सरपटत निघालं.

“अगं बाई! पिसाळलंय का काय हे!” ती अविराजच्या मागं लपली. घरात कुत्रं उशाला घेऊन झोपणारी ही बाई रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र वाघासारखी भ्यायची.

परवेजनं काठी आपटली. “हाड्! टोळीचं हाय ते, ताई. साखर कारखाना बंद झाला, ऊसतोडणीची टोळी गेली गावाला, आन त्येंची कुत्री बसली आमच्या बोकांडी. कालपासनं हाकलून हाकलून दमलो.”

कुत्रं मागं सरलं, पण गेलं नाही.

मग चौघंही शोधायला निघाले. शेजारच्या रानात खतासाठी कारखान्याची काळी, चिकट मळी आणून खड्ड्यात सोडली होती, तिचा आंबूस वास सगळीकडं भरला होता. या भागात त्या वासाचं कुणाला काही वाटत नाही. बांधावरून, कालव्याच्या चारीच्या कडेनं, उसाच्या सऱ्यांत वाकून वाकून अनिता हाका मारत होती. “बर्फीऽ! ए बर्फुलीऽ!”

उसातून काहीच आलं नाही. मागून मात्र ते काळं कुत्रं येत होतं. थांबलं की थांबायचं, चाललं की चालायचं.

“तू हाक कुणाला मारतेस आणि येतंय कोण बघ,” अविराज म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. “अनिता, आपण दुसरं आणू. अगदी अस्संच.”

“दुसरं? मी हरवले तर दुसरी आणशील का?”

यावर तो पुढच्या सरीत वाकून बघायला लागला. शहाणपणच केलं.

चारीला पाणी सोडलेलं होतं. अनिता काठावर बसली आणि ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली. माझीच चूक, मीच तिला इथं टाकून गेले, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. बाकीचे तिघं थोडं लांब उभे राहिले.

तेवढ्यात तिच्या पावलावर काहीतरी चिकट टेकलं. काळं तोंड. घसा बसल्यासारखं ते बारीक कुंईकुंई करत होतं.

अनिता किंचाळून उठली. दिवसभराचा सगळा राग तिच्या हातात आला. “मर मेल्या! माझी बर्फी गेली आणि तू कशाला माझ्या मागं लागलास?” तिनं दगड उचलून हाणला.

दगड बरगडीत बसला. केकाटत ते चारीत पडलं. अनितानं दुसरा दगड उगारला. पाण्याला ओढ होती. दोनदा बुडालं, वर आलं, पाय मारत राहिलं. त्याच्याभोवती पाण्यात दाट तपकिरी रंग सुटत गेला.

“या अल्ला,” परवेज म्हणाला. “मळी हाय ती. खड्ड्यात पडल्यालं हाय ते.”

कुत्रं पलीकडच्या काठाला लागलं, कसंबसं वर चढलं आणि त्यानं अंग झटकलं. पाठीवरून काळे ओघळ खाली गेले. त्यांच्याखाली केस पांढरेशुभ्र होते.

“बर्फी!”

बर्फीनं वळून पाहिलं. अनिताच्या उगारलेल्या हातात दुसरा दगड तसाच होता. शेपूट पायांत घालून बर्फी उसात पळून गेली.