डाव्या पायाची चप्पल

हौसराव मास्तर वीस मिनिटं एकाच चित्रासमोर उभे होते.

दौंडच्या हॉलमधल्या चित्रप्रदर्शनात लोक गड-किल्ल्यांच्या चित्रांपुढं फोटो काढत होते. धनश्रीच्या चित्राकडं बघून मात्र दोन दिवस नुसतं हसणं चाललं होतं. जलरंगात काढलंय काय, तर जुनी, निळ्या पट्ट्याची चप्पल! तीही एकच, डाव्या पायाची.

"पोरी, तू काढलंस?" मास्तरांनी विचारलं. शिरूरकडं तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. धनश्री लगबगीनं पुढं आली.

"हो सर."

"चकाकीला पांढरा रंग लावला न्हाईस. कागदच कोरा सोडलास. आन् ही सावली एका दमात ओढलीयस, परत ब्रश फिरवला न्हाईस. लई धीर लागतो त्याला." ते वाकले. "टाच बाहेरून झिजलीय. बाई जरा लंगडत असणार."

धनश्री आणखी जवळ सरकली. एवढं नीट आजवर कुणी बघितलंच नव्हतं.

"माझी आई, सरूबाई. चार वर्षांमागं बाजाराला चालली होती. शिरूर रस्त्यावर गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही, सापडलीही नाही. पोलिसांनी ही एकच चप्पल आणून दिली."

मास्तरांनी टोपी काढली. मग डोळे पुसत म्हणाले, "हे चित्र मला दे. समोरच्या भिंतीवर लावीन. रोज बघीन."

धनश्रीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिचं पहिलंच चित्र कुणाच्या तरी घरी जात होतं, तेही जाणत्या माणसाच्या. तिनं ते उतरवलं आणि गुंडाळायला कागद घेतला.

"आन् आता जोडी पुरी कर," मास्तर चित्रावरची नजर न हलवता म्हणाले. "शेजारी उजवी काढ. निळ्या पट्ट्यावर तो लाल दोऱ्याचा टाका कसा उठून दिसंल बघ."

"काढते ना," ती म्हणाली, आणि तिचे हात थांबले.

त्या सकाळी आई उंबऱ्यात एका पायावर उभी होती. उजव्या चपलेचा तुटलेला पट्टा धनश्रीनंच घाईघाईत शिवून दिला होता. हाताशी दुसरा दोरा नव्हता, म्हणून लाल. तासाभरानं फोन आला होता.

तिनं चित्र छातीशी धरलं.

"सर, उजवी चप्पल तर कुणालाच सापडली नाही. तिला लाल टाका होता, हे तुम्हाला कसं ठाऊक?"