मरियेची सुईण

“थांबा गो जरा,” काशीबाई म्हणाली. हातातला झाडू तिने भिंतीला टेकवला. “पोर झालं कवा? आन् बालंतपन केलं कोनी?”

नाताळच्या नाटकाची तालीम थांबली. सातवीतली सरू मरिया होऊन गोठ्यात बसली होती. पडदा पडला तेव्हा तिच्या मांडीवर काही नव्हतं. पडदा उघडला तर बाळ होतं, गुंडाळलेलं, गप्प. योसेफ काठी धरून शेजारी उभा होता. मेंढ्या झालेली पोरं खुदखुदली. त्यांत काशीबाईची नात शकूही होती. आवाज खणखणीत, पण तोंडातलं ‘नाय’ आणि ‘हाय’ काही केल्या जाईना, म्हणून दिनानाथ सरांनी तिला न बोलणारी मेंढी केलं होतं.

“मावशी, ही पवित्र कथा आहे,” सर म्हणाले.

“असंल. पन पोर तर पोटातनंच आलं ना? परका गाव. पयलटकरीन. संगती आय नाय, सासू नाय. मंग सुईन कुठं हाय?”

सर उत्तर देणार होते. तेवढ्यात त्यांना दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका सिस्टर अपोलिन दिसल्या. काशीबाईनेही पाहिलं आणि झाडू उचलला.

पेणच्या त्या शाळेत हे नाटक बावीस वर्षं होत आलं होतं. आधी ते इंग्रजीत व्हायचं आणि त्यात ख्रिस्ती मुलंच असायची. मग एकेक कुटुंब बदलीने, नोकरीने मुंबईकडे गेलं. शहाऐंशी साली शाळेत एकही ख्रिस्ती मूल उरलं नाही. नाटक मराठीत आलं. धर्मशिक्षणाच्या तासाला मूल्यशिक्षण म्हणू लागले. तरीही यंदा मिठागरावरचा मुकादम पुंडलिक सात पालकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आलाच. आमच्या पोरांना हे कशाला, असं त्याचं म्हणणं. सिस्टरांनी अर्ज ठेवून घेतला. “या वर्षीचं बघायला या. नाही पटलं तर पुढच्या वर्षी बंद करू.” मग सरांना बजावलं, बायबलच्या पुस्तकाबाहेरचा एक शब्दही नको.

म्हणून मधल्या सुट्टीत सिस्टरांनी बोलावलं, तेव्हा काशीबाईने नोकरी गेलीच असं धरलं. शाळेतली ही नोकरी तिला उतारवयात मिळाली होती. त्याआधी ती खाडीकाठच्या गावांची सुईण होती. सरकारी दवाखाना झाला, बाया तिकडे जाऊ लागल्या आणि तिला हाक येईनाशी झाली.

सिस्टर वसईच्या. मराठी बोलायच्या, पण मोजकं. त्यांनी काशीबाईला खुर्चीत बसवलं.

“सुईण आत आल्यावर पहिलं काय करते?”

काशीबाईला वाटलं, ही उलटतपासणी आहे. “पयलं बाप्याला भाईर घालवते. पानी तापवायला लावते.”

“मग?”

“मंग हात धुते. पोरीच्या डोईवरनं हात फिरवते. सांगते, भिऊ नको गो बाय, मी आलंय.”

“एवढंच?”

“त्या घडीला तेवढंच लागतं, सिस्टर.”

 सिस्टरांनी दिनानाथ सरांना आत बोलावलं.

“मावशी सांगतील ते लिहून घ्या. शब्द बदलू नका. सुईणीचं काम शकूला द्या.”

“पण हे शुभवर्तमानात नाही, सिस्टर. आणि ते पालक...”

“माहीत आहे.”

नाटकाच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. मागच्या सतरंजीवर खाडीकडच्या बाया बसल्या होत्या. दरवर्षी त्या यायच्या, आपलं पोर दिसलं की बोट दाखवायच्या आणि उरलेला वेळ जांभया द्यायच्या. पुढच्या रांगेत पुंडलिक हाताची घडी घालून बसला होता. शेजारी त्याची म्हातारी आई, सीताबाई.

मरिया गोठ्यात टेकली. पडदा पडला नाही. नऊवारी नेसलेली शकू तरातरा आत आली आणि योसेफासमोर उभी राहिली.

“तू रं इथं काय करतंस? भाईर जा! पानी तापव!”

योसेफ काठी टाकून पळाला. मागच्या बाया अशा हसल्या की सतरंजी हलली. शकूने हात धुतले. मरियेच्या डोक्यावरून हात फिरवला.

“भिऊ नको गो बाय, मी आलंय.”

हसू विरलं. मागून कुणीतरी नाक ओढलं. एकीने पदर तोंडाला लावला, मग दुसरीने. त्या बायांना हे वाक्य पाठ होतं. याच शब्दांत, याच सुरात प्रत्येकीने ते एकदा तरी ऐकलं होतं.

सीताबाईने पुंडलिकाला कोपर मारलं. “तुझ्या येळंला बी काशी हेच बोलली व्हती.”

पुंडलिकाने हाताची घडी सोडली. खेळ संपल्यावर तो सिस्टरांपाशी आला, थोडा घुटमळला. “तो अर्ज माघारी द्या,” एवढंच म्हणाला आणि आईचा हात धरून निघून गेला.

मैदान रिकामं झालं. काशीबाई आणि सिस्टर मिळून सतरंज्या गुंडाळत होत्या.

“सिस्टर,” काशीबाईने विचारलं, “पुस्तकात नाय, सरांना बी पटत नव्हतं, वर त्यो अर्ज. मंग तुमी व्हय कसं म्हनलात?”

सिस्टरांनी सतरंजीचं टोक सरळ केलं.

“माझ्या वेळेला आईपाशी कुणी पोचलं नाही, मावशी. मी तिला पाहिलेलं नाही.”